सुंदराबाईची बाटली बोटीवर

बोटीवरून आले तेव्हापासून सुरतेच्या डिंडोलीतल्या बायका मला सोडत नाहीत. उलट्या झाल्या का, बोट हलते का, खोलीला खिडकी असते का, सगळं विचारून होतं. मग हळूच खुर्ची पुढे ओढून एखादी विचारते, "काकू, तिथं म्हणे दारू मिळते?" मिळते बाई. मिळते काय, आपल्या पसंतीची वाइन बरोबर न्यायची असेल तर एका खोलीमागे एक बाटली नेताही येते. छाती ठोकून सांगते, कारण मी नेली होती. हे ऐकलं की सगळ्यांची तोंडं पाहण्यासारखी होतात. प्रत्येकीला वेगळं सांगून माझा घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून टाकते. घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण सगळ्यांना वाचता यावं म्हणून साधं लिहिते.

मुंबई, गुरुवार

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून योगेशने, म्हणजे आमच्या मुलाने, ही सहल काढून दिली. तो सुरतजवळ इच्छापोरला कंपनीत आहे. मुंबईहून निघायचं, एक दिवस गोवा, एक दिवस नुसता समुद्र, आणि सोमवारी सकाळी परत मुंबई. मला आधी वाटलं, पोरगा थट्टा करतोय. आमचे हे तर म्हणाले, "पाण्यात काय बघायचंय? तापी आहे की."

यांना सगळी डिंडोली मास्तर म्हणते, मीही इथं मास्तरच लिहिते. शाळेतले नव्हेत, लूमवरचे. पस्तीस वर्षं पॉवरलूम दुरुस्त केले. मशीनचा आवाज बदलला की झोपेतून उठून बसायचे. माणूस सरळ, पण एकदा धागा तुटला की गाठ मारायला तयार नाही.

तो धागा माझ्या माहेरचा. माझा धाकटा भाऊ विलास सटाण्याकडे शेती करतो. नऊ वर्षांपूर्वी त्याने डाळिंब काढून वाइनची द्राक्षं लावली. आम्ही तेव्हा त्याच्याकडे जेवायला बसलो होतो. मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "ज्या घरात दारूची शेती, त्या घरचं पाणीही मला नको." आणि उठले. ताटावरून उठले! माझी वहिनी वाढायची पळी हातात धरून तशीच उभी राहिली.

मी त्यांना पूर्ण चूक म्हणणार नाही. यांचा पाठचा भाऊ भिका आमच्याबरोबरच सुरतेला आला होता. गुजरातेत दारूबंदी, पण पिणाऱ्याला पोटली मिळतेच. पोटली म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतली चोरटी दारू. भिका कारखान्यामागे प्यायचा, संडासात प्यायचा, घरी येताना तोंडात बडीशेप. आम्हाला कळलं तेव्हा त्याचं पोट फुगलेलं होतं. चौतीस वर्षांचा होता. तेव्हापासून मास्तरांपुढे दारूचं नाव काढायची सोय नाही, आणि वाइन काय, पोटली काय, त्यांना सगळं सारखं.

नऊ वर्षं मी राखीला एकटी जाते, भाऊबीजेला एकटी जाते. परत आले की हे एका शब्दाने विचारत नाहीत. आणि आता विलासच्या मुलीचं, रुपालीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. मास्तरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "तू जा. मला धरू नको." सख्ख्या भावाच्या दारात मांडव, पोरीचा एकुलता एक फुवा, म्हणजे आत्याचा नवरा, जिवंत, आणि तो सुरतेत घरी बसून टीव्ही बघणार. लोक काय म्हणतील ते सोडा, मलाच माझं तोंड दाखवायला लाज वाटली असती.

रुपाली मुंबईत नर्स आहे. गुरुवारी आम्ही तिच्या खोलीवर उतरलो. मास्तर खाली मोबाइलचं कव्हर घ्यायला गेले, तसं तिने कपाटातून एक बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली. "फुई, पप्पांनी दिलीय. त्यांना फोन कर."

विलासने आणि आणखी तीन शेतकऱ्यांनी मिळून छोटी वायनरी काढलीय, हे मला माहीत होतं. पण ह्या बाटलीवर आमच्या आईचं नाव होतं. सुंदरा. खाली विहीर आणि कडुलिंब, अगदी आमच्या मळ्यातला. मी फोन लावला.

"ताई, बोटीवर एक बाटली नेता येते, रुपालीने बघून ठेवलंय," विलास म्हणाला. "दाजींना पाजू नको. माझं तसं म्हणणं नाही. फक्त लग्नाच्या वाढदिवसाला त्यांच्यापुढे ठेव. आईचं नाव वाचू दे त्यांना. मग लग्नाला यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. नाही म्हणाले तर मी परत विषय काढणार नाही."

मी हो म्हणून बसले. नाही कशी म्हणणार?

आणि आता माझं शहाणपण ऐका. चाळीस वर्षं सुरतेत काढलेली बाई मी. लेबल लावलेली बाटली उघड उघड पिशवीत घालून पोलिसांपुढून न्यायची, हे माझ्या डोक्यातच बसेना. रुपाली ड्यूटीवर गेली. मास्तर झोपले. मी बादलीत गरम पाणी घेतलं आणि बाटली बुडवून ठेवली. मसाल्यासाठी रिकाम्या बाटल्या जमवणारी मी, लेबल सोडवण्यात माझा हात कोण धरणार? नखाने कोपरा उचलला आणि अलगद, न फाडता, आईचं नाव सोडवून घेतलं. टाकवेना, म्हणून रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. मी घरी जांभळाचं सरबत करून विकते, त्याची स्टिकरं पर्समध्ये असतातच. एक छान दाबून चिकटवलं. "घरगुती जांभूळ सरबत." रंगही जुळला. मला माझाच इतका अभिमान वाटला की विचारू नका.

धक्क्यावर, शुक्रवार

बंदरावर विमानतळासारखी रांग होती. पट्ट्यावर बॅगा, पुढे बाई अधिकारी. छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव मराठी होतं, त्यामुळे मला जरा धीर आला. मास्तरांना मी सांगितलं होतं, जांभळाचं सरबत आहे, तुमच्या शुगरसाठी. त्यांनी बिचाऱ्यांनी पिशवी स्वतःच्या हातात घेतली होती.

पट्टा थांबला. बाईंनी बाटली काढली, उलटी केली, सुलटी केली.

"हे काय आहे, काका?"

"जांभूळ सरबत," मास्तर छाती पुढे काढून म्हणाले. "आमच्या मिसेस बनवतात. प्युअर. शुगरवाल्यांना एकदम सरस."

"काकू, जांभूळ सरबताला बूच कधीपासून लावायला लागलात? वरून हा सोनेरी कागदपण?"

लेबल काढलं, पण बूच तसंच राहिलं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "हल्ली पॅकिंग चांगलं करतो."

बाई हसल्या, पण बाटली त्यांनी बाजूला सरकवली. "घरी केलेलं पेय नेता येत नाही. हे इथंच टाकावं लागेल. वाइन असती तर एक बाटली नेता आली असती."

"वाइनच आहे हो!" मी ओरडलेच. मागची रांग वाकून बघायला लागली. "देवाशपथ वाइन आहे! सरबत नाहीच ते!"

मास्तर माझ्याकडे वळले. चाळीस वर्षांत मी त्यांचा तसा चेहरा दोनदाच पाहिलाय. दुसरा म्हणजे हा.

मग मी पर्समधून रुमाल काढला, ओलसर लेबल उलगडून टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. भावाची द्राक्षं, आईचं नाव, सुरतची सवय. बाई ऐकत होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण माणूस चांगला.

"काकू, काढलं कशाला? होती तशी आणली असती तर मी हसत सोडली असती. लेबल बाटलीवर पाहिजे, पर्समध्ये चालत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "फेकत नाही मी. सील आहे. बोटीकडे जमा करते. सोमवारी उतरताना मिळेल."

त्यांनी एक टोकन दिलं. मी ते घेतलं, आणि आईचं लेबल परत रुमालात. आत जाताना मास्तर फक्त एवढंच म्हणाले, "मला सरबत म्हणून धरायला लावलंस?" त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

बोट म्हणजे काय सांगू? आपल्या रिंगरोडवरचं कापडाचं मोठं मार्केट उचलून पाण्यात ठेवलंय असं समजा. लिफ्ट, दुकानं, जिने, नाचाचा हॉल. खोली छोटी, पण पांढरी स्वच्छ. आम्ही सुरतेला आलो तेव्हा याच मापाच्या खोलीत सात जण राहत होतो. खोलीत शिरल्या शिरल्या मास्तरांनी पडदा धरला, बोटांत चोळला, उलटा करून किनार बघितली. मला सांगायचं नव्हतं, म्हणून खोली दाखवायला आलेल्या मुलाला म्हणाले, "ये कपडा सूरत का है. पलसाणा का डाइंग." तो मुलगा ईशान्येकडचा, त्याला पलसाणा काय माहीत? तो म्हणाला, "यस सर," आणि पाणी ठेवून गेला.

संध्याकाळी बोट सुटली. मुंबई हळूहळू मागे गेली तशी बारपाशी गर्दी झाली, आणि निम्मी बोली गुजराती! आमच्या शेजारच्या खोलीत अडाजणच्या हंसाबेन आणि त्यांचे मिस्टर होते. हंसाबेन म्हणाल्या, "जुओ, एमना पग हवे जमीन पर नथी." म्हणजे यांचे पाय आता जमिनीवर नाहीत. तीन महिन्यांपासून ते ह्या एका पेल्याची वाट बघत होते म्हणे. हंसाबेनने स्वतः मात्र थेपले, खाखरा, छुंदा अशी बॅग भरून आणली होती. बाहेरचं खाणं आणायचं नाही असा नियम होता, तरी कोणी अडवलं नाही. हंसाबेनने थेपल्यांवर खोटं लेबल लावलं नव्हतं म्हणून असेल!

जेवणाच्या हॉलमध्ये एकाने आपली बाटली टेबलावर आणली होती. वेटरने वाकून ती उघडली, फडक्याने पुसली आणि ओतली. आपली बाटली आपण आणायची, आणि उघडून दिल्याचे पैसे बोटीला द्यायचे, अशी पद्धत आहे. मला गंमत वाटली. आपल्याकडे लग्नात कोणी घरचा डबा आणला तर यजमान रुसेल, आणि इथं घरचं आणलं तर वाटीचे पैसे! आमच्या टेबलावर मात्र नुसतं पाणी. केक आला, वर आमची नावं, वेटरांनी टाळ्या वाजवून गाणं म्हटलं. मास्तरांनी केक कापला, वेटरला भरवला, हंसाबेनच्या मिस्टरांना भरवला. मला बशीत दिला. वाढदिवस असा झाला. मी खोलीत येऊन रुमाल उघडला, लेबल पाण्याचा हात फिरवून सरळ केलं आणि आरशाच्या काचेवर चिकटवून वाळत टाकलं. सुरकुतलं असतं तर विलासला काय तोंड दाखवलं असतं?

गोवा, शनिवार

सकाळी उठले तर मास्तर आरशापुढे दाढीचा साबण लावून उभे, आणि हात थांबलेला. लेबल वाचत होते. मी डोळे मिटून पडून राहिले.

मग म्हणाले, "सुंदराबाई म्हणजे आपल्या सासूबाई का?"

बोलणं माझ्याशीच होतं, कारण खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "हो. विलासने नाव दिलंय."

"विहीर बरोबर काढलीय," ते म्हणाले आणि दाढी करायला लागले. माझी आई गेली त्या वर्षी ती विहीर उपसायला हेच उतरले होते. गाठ पडत असली की हात लावायचा नाही, हे मी लूमवाल्याच्या घरात शिकले.

गोव्यात आम्ही बोटीवाल्यांच्या बसने फिरायला गेलो नाही. मास्तरांना टोळीने फिरायला आवडत नाही. पणजीत एका गल्लीत घरगुती खानावळ सापडली. चार टेबलं, आतून खोबऱ्याचा वास. मला मासे फार जमत नाहीत, आमच्याकडे नदीचे मासे, ते कालवणात. इथं तळलेला बांगडा, सोलकढी आणि उकड्या तांदळाचा भात. सोलकढी मला इतकी आवडली की मी तीन वाट्या प्यायले. मास्तरांनी दुसऱ्या घासालाच काटा गिळला, मग केळं खाल्लं, भाताचे कोरडे गोळे गिळले, खोकले, आणि सगळी खानावळ त्यांच्या घशाकडे बघत बसली. काटा गेला. मालकाची सून म्हणाली, "घाबरू नका, इथं रोज कोणीतरी गिळतोच."

शेजारच्या टेबलावर म्हातारा बसला होता. मालकच तो, ऐंशीला टेकलेला. सुनेने त्याच्यापुढे ताट वाढलं आणि बाजूला लहानसा पेला ठेवला. फेणी असावी, वास उग्र होता. म्हाताऱ्याने आमच्याकडे बघून पेला उचलून विचारल्यासारखं केलं. मास्तरांनी हात हलवून नको म्हटलं. म्हातारा "बरं" म्हणाला, घोट घोट घेत जेवला, पेला उपडा करून ठेवला आणि सुनेला म्हणाला, "आज कालवण झकास." मग हात धुऊन गल्ल्यावर जाऊन बसला. ना आवाज चढला, ना पाय लटपटला. मास्तर जेवायचं सोडून त्याच्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलणार. पण त्यांनी मुकाट आपलं ताट संपवलं.

परत बोटीवर चढताना गंमतच. गोव्याहून आलेल्या प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत बाटल्या. दरवाजाशी लांब टेबल मांडलेलं. लोक रांगेत उभं राहून आपापल्या बाटल्या जमा करत होते, चिठ्ठी घेत होते, हसत होते, एकमेकांना दाखवत होते. हंसाबेनच्या मिस्टरांनी दोन जमा केल्या आणि मास्तरांना म्हणाले, "केम मास्तर, कंई नहीं लिया?"

"आपली आधीच जमा आहे," मास्तर म्हणाले.

मी ऐकलं. "आपली" म्हणाले. मी मुद्दाम समुद्राकडे बघितलं.

समुद्र, रविवार

रविवारी जमीन कुठेच नव्हती. मी तासभर कठड्याशी उभी राहिले. निळं, मग हिरवं, मग उन्हात चांदीसारखं. मधेच छोटे मासे पाण्यातून उडायचे आणि लांब जाऊन पडायचे. पोट थोडं ढवळलं, हंसाबेनने लिंबू दिलं, बरं वाटलं. हंसाबेन आणि मी पाय पसरून बसलो, तिने मला थेपल्याचं पीठ कसं मऊ ठेवायचं ते सांगितलं, मी तिला कळण्याच्या भाकरीचं सांगितलं. ज्वारी आणि उडीद एकत्र दळायचे, हे तिला पटेचना. आम्ही दोघींनी आयुष्यात पहिल्यांदा सकाळी अकरा वाजता काहीच काम केलं नाही. खरं सांगते, मला फार सुख वाटलं. कुकरची शिट्टी नाही, दारावर कोणी नाही.

दुपारी मास्तर शेजारी येऊन बसले. हातात बोटीचा टॉवेल, त्याची वीण बघत. एकदम म्हणाले, "त्या म्हाताऱ्याची सून वाढत होती, पाहिलंस?"

"पाहिलं."

"भिकाला कोणी असं वाढलं नाही."

हे भिकाचं नाव घेत नाहीत. मी म्हटलं, "तो आपल्याला कळूच कुठं देत होता?"

"कळू दिलं असतं तर मी त्याला मारलं असतं," ते म्हणाले. "म्हणून तर लपायचा. पोलिसाला नव्हता घाबरत तो. मला घाबरायचा."

टॉवेल त्यांनी नीट घडी करून मांडीवर ठेवला. डोळे पुसले त्यांनी, उघड पुसले, आणि म्हणाले वारा फार आहे. वारा होताही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आजूबाजूला पन्नास माणसं होती, आम्ही कधी असे चारचौघांत बसलो नव्हतो. पण समुद्रावर कोण ओळखतंय?

मुंबई, सोमवार

उतरताना टोकन दिलं, बाटली मिळाली. माझं जांभूळ सरबताचं स्टिकर तसंच चिकटलेलं. मास्तरांनी बाटली माझ्या हातून घेतली, नखाने ते स्टिकर खरवडून काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग दुसरा हात पुढे केला. "आण तो रुमाल." पण आरशावरून काढून रुमालात ठेवलेल्या त्या वाळलेल्या लेबलाला डिंक उरला नव्हता, चिकटेना. मास्तर चिडले. डिंक मिळेल का म्हणून दोन शिपायांना विचारलं. नाही मिळाला.

आमची सुरतची गाडी दुपारची होती. मी म्हटलं, "बाटली रुपालीकडे ठेवून जाऊ. गुजरातेत नेता येणार नाही."

"नाही नेता येणार," मास्तर म्हणाले. टॅक्सीवाला विचारत होता, कुठं? मी म्हटलं मुंबई सेंट्रल.

"दादर," हे म्हणाले. "नाशिकची बस जिथून सुटते तिथं सोडा."

मी त्यांची बाही ओढली. "अहो, तिकीट?"

"योगेशला फोन कर, रद्द कर म्हणावं. सुरतेला नेता येत नाही, सटाण्याला तर नेता येते ना?"

नाशिकपर्यंत मी रडत होते आणि मास्तर खिडकीबाहेर बघत होते. मधे कसारा घाटात त्यांनी मला वडापाव आणून दिला. खाल्ला मी, रडत रडतच. बाटली त्यांच्या मांडीवर, नुसती, पिशवीशिवाय. शेजारच्या माणसाने विचारलं, "काका, वाइन काय?" मास्तर म्हणाले, "हो, वाइन. मेव्हण्याची आहे."

सटाणा

पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. मी फोन केला नव्हता, त्यांनी करू दिला नाही. विलास मळ्यातून येत होता, खांद्यावर फवारणीचा पंप. आम्हाला बघून तो बांधावरच थांबला. पंप खाली ठेवायचंही त्याला सुचेना.

"या दाजी," म्हणाला. मग परत म्हणाला, "या दाजी."

वहिनीने खाट टाकली, पाण्याचा तांब्या आणला. आणला आणि हातातच धरून उभी राहिली, द्यावा की नाही म्हणून. मास्तरांनी तो तिच्या हातून घेतला आणि वरून गटागट अर्धा रिकामा केला. मी घरात पळाले. माझ्याच्याने बघवेना. वहिनीही मागोमाग आली. हुंदके कोणाचे, माझे की वहिनीचे, कळत नव्हतं.

जेवायला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. जेवणं झाली तसं मास्तरांनी बाटली मधे ठेवली. विलासने बाटलीकडे बघितलं. "आईचं नाव कुठं गेलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं सांगितलं, बादली, सरबत, बूच. विलास हसला, इतका हसला की खाटेवर आडवा झाला. म्हणाला, "ताई, घरात तीनशे लेबलं पडलीत!"

"उघड," मास्तर म्हणाले.

विलास हसायचा थांबला. "दाजी, त्याची गरज नाही. तुम्ही आलात, बास झालं. मी आत ठेवून देतो."

"आत नाही. उघड म्हणतो ना."

त्याने उघडली. पेले नव्हते, स्टीलच्या वाट्या आणल्या. मला थोडी दिली. मी चाखली. आंबट, तुरट, जिभेला चिकटणारी, पण मागून आमच्या मळ्यातल्या पिकल्या जांभळांची आठवण आली. मी खोटं बोलत नाही. मास्तरांनी आपली वाटी नाकाशी धरली, बराच वेळ वास घेतला आणि विलासपुढे सरकवली.

"मी पिणार नाही. मरेपर्यंत नाही. मला जमणार नाही ते."

"नका पिऊ, दाजी."

"पण तू पी," मास्तर म्हणाले. "माझ्यापुढे पी. मी बसलोय."

विलासने वाटी उचलली. मास्तर मांडी घालून त्याच्या समोर बसले होते, आणि त्याने शेवटचा घोट घेऊन वाटी खाली ठेवेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.